महिन्याची वर्गणी बरी होती की ‘फुकट या, खेळा’ बरं? (ऑनलाइन आरपीजी, म्हणजे एखादं पात्र घेऊन खेळायचे गेम)

तिसरं_गेट
मंडळी, प्रश्न छोटा आहे, प्रस्तावना लांबली आहे. घाईत असाल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

२००७-०८ची गोष्ट. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही पाच जण पडीक असायचो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचं (पुढे नुसतं ‘वॉव’ लिहितो) नाव सगळ्यांनी ऐकलेलं, पण खेळलेलं कुणीच नव्हतं. महिन्याला १५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे सहाशे-सातशे रुपये. बरं, पैसे कुठून तरी जमवले असते, पण भरायला क्रेडिट कार्ड लागायचं. पाच घरांत मिळून कार्ड एकच, तेही एकाच्या मामाचं, आणि मामा धारवाडला. मग आम्ही सिल्करोड ऑनलाइन खेळायचो. ते फुकट होतं, एवढीच त्याची पात्रता.

पुढे एकेक मोठा गेम वर्गणी सोडून फुकट व्हायला लागला. आम्हाला वाटलं, आता आपलं राज्य आलं. आज पाचही जणांकडे कार्डं आहेत, यूपीआय आहे, बरे लॅपटॉप आहेत. आणि फुकट गेम उघडला की पहिल्या दहा मिनिटांत दुकानाच्या चार खिडक्या तोंडावर येतात. खेळतोय की खडेबाजारातून चाललोय तेच कळत नाही. माझं मत आता असं झालंय की वर्गणीच बरी. महिन्याला एकदा दिली की खिशाचा विषय संपला.

तर प्रश्न: आम्ही पाच जण (बेळगाव, पुणे, बेंगळुरू, कोल्हापूर, दुबई) दर शनिवारी रात्री पुन्हा एकत्र खेळायचं म्हणतोय. वर्गणीवाला घ्यावा की फुकटवाला? आणि कोणता?

कुंदा_विथ_चिवडा
“आणि मामा धारवाडला.” हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

शहापूरचा_शेंडेफळ
काय बे, एवढं मोठं लिवलास, वाचून दम लागला की. खडेबाजारात निदान भाव तरी करता येतो. गेमच्या दुकानात “जरा कमी करा अण्णा” म्हणायची सोयच नाही.

निपाणीचे_नाना
मी गेम खेळत नाही. मुलगा खेळतो, मी मागे बसून बघतो आणि बिल भरतो. पण वर्गणी या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण गणपती मंडळाची पावतीपुस्तकं पंचवीस वर्षं वागवलीत.

आमच्या गल्लीत पूर्वी घरटी २१ रुपये घ्यायचो. नंतर ५१. मूर्ती बेताची, पण मिरवणूक किती वाजता काढायची, गाणी कुठली लावायची, यावर गल्लीतला प्रत्येक जण भांडायचा आणि भांडणाचा त्याला हक्क होता, कारण पावती सगळ्यांचीच फाटलेली. मग एका वर्षी मोठा देणगीदार मिळाला. पोरांनी ठरवलं, आता घरोघरी कशाला फिरायचं? गल्ली खूश, खिशाला चाट नाही. दुसऱ्या वर्षी त्यांचा बॅनर आला. तिसऱ्या वर्षी बॅनर गणपतीपेक्षा मोठा. चौथ्या वर्षी आरतीची वेळ त्यांच्या सवडीने ठरायला लागली. आम्ही तक्रार केली तर पोरगं म्हणतं, “नाना, तुम्ही कुठं काय दिलंय?”

मुलाच्या गेमात मला हेच दिसतं. शंभरातली पंचाण्णव पोरं फुकट नाचतात आणि पाच जणांसाठी मांडव घातलेला असतो. (आकडा माझा अंदाज आहे, कुणी अंगावर येऊ नये.)

लॉगआउट_ताई
नाना, दंडवत. मी बेंगळुरूत एका गेम कंपनीत काही वर्षं होते, तिथे आठवडाभराच्या ट्रेनिंगमध्ये जे सांगितलं ते तुम्ही एका गल्लीत बसवलंत.

खानापूरचा_पाऊस
नानांची गोष्ट छान आहे, पण दुसरी बाजूही ऐका. त्या मांडवात आम्हाला आधी शिरताच येत नव्हतं.

२०१० साली आमच्याकडे बीएसएनएलचा ५०० रुपयांचा प्लॅन. महिन्याला १ जीबी, पण रात्री २ ते सकाळी ८ हवं तेवढं वापरा. खानापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा कोसळतो की बाहेर जायचा प्रश्नच नाही. त्याच सप्टेंबरात लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन फुकट झालं. आठवडाभर रोज रात्री २ ला उठून डाउनलोड लावायचो आणि ८ च्या आत बंद करायचो. आजीला वाटायचं पोरगं पहाटे अभ्यासाला उठतंय. तिने शेजारी कौतुक करून ठेवलं होतं.

त्या गेमात एक गंमत होती. सुरुवातीचे भाग मोकळे, पुढचे क्वेस्ट पॅक (मोहिमांचे गठ्ठे) विकत. पण विकत घ्यायचे पॉइंट खेळूनही मिळायचे. अमुक इतके लांडगे मारा, पाच पॉइंट. तमुक अवशेष शोधा, दहा पॉइंट. मी एक रुपया न भरता पॅकमागून पॅक उघडले, अक्षरशः रानडुकरं मारून. अमेरिकेतला माणूस पाच डॉलर टाकून मोकळा व्हायचा, मी पंधरा रात्री द्यायचो. मला त्यात अन्याय वाटला नाही. माझ्याकडे रात्री होत्या, त्याच्याकडे डॉलर.

तिसरं_गेट, तुम्हाला आज वर्गणी बरी वाटते कारण आज तुम्ही भरू शकता. २००८ मध्ये हाच धागा काढला असता तर?

तिसरं_गेट
@खानापूरचा_पाऊस, लागलं. पण खरं आहे.

मंडोळी_रोड
“माझ्याकडे रात्री होत्या, त्याच्याकडे डॉलर” +१००

चिकोडी_एक्सप्रेस
अवांतर: रानडुक्कर मारण्याची सवय असेल तर आमच्या उसात या. पॉइंट नाही, जेवण देऊ.

लॉगआउट_ताई
हे सगळे गेम फुकट का झाले यावर थोडं लिहिते. “कंपन्या उदार झाल्या” असं वाटत असेल तर तसं काही नाही, आणि “लोभी झाल्या” हेही पूर्ण खरं नाही.

वर्गणीची पद्धत जुनी. १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन महिन्याला सुमारे १० डॉलर घ्यायचं, १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आलं, २००४ मध्ये वॉव. सर्व्हर चालवायचे, माणसं ठेवायची, नवीन भाग काढायचे, त्यासाठी दरमहा पैसे हवेत हे सरळ गणित होतं. वॉवने या पद्धतीचं सोनं केलं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. पण त्याच यशात बाकीच्यांची अडचण होती. माणूस एका वेळी एकच वर्गणी भरतो. घरात दोन पेपर घेणारे किती? त्यामुळे जो नवीन गेम यायचा त्याला ग्राहक वॉवमधून फोडून आणायला लागायचा. पहिला महिना गर्दी, मग लोक आपापल्या जुन्या गिल्डकडे (खेळाडूंच्या टोळीकडे) परत.

याचं ठळक उदाहरण स्टार वॉर्सचा ओल्ड रिपब्लिक. २०११ च्या डिसेंबरात आला, फेब्रुवारीपर्यंत १७ लाख वर्गणीदार, जुलैत १० लाखांच्या खाली, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये फुकट. वर्षसुद्धा झालं नव्हतं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनची तीच गत, एप्रिल २०१४ ला सुरू, मार्च २०१५ ला सक्तीची वर्गणी बंद.

रस्ता दाखवला तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइनने. २००६ चा गेम, वर्गणीवर रडतखडत चाललेला. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी दार उघडलं आणि पैसा वाढला. मग त्याच टर्बाइन कंपनीने वर्षभरात पाऊससाहेबांचा लॉर्ड ऑफ द रिंग्ज फुकट केला, आणि उत्पन्न तिप्पट झाल्याचं सांगितलं. हे बघितल्यावर बाकीचे कशाला थांबतात?

एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. फुकट खेळणारा कंपनीच्या दृष्टीने बिनकामाचा नसतो. बाजारात सामान विकायला, डन्जनला (सगळ्यांनी मिळून लढायच्या मोहिमेला) पाचवा गडी म्हणून, आणि पैसेवाल्याचा चमकता घोडा बघून “वा” म्हणायला तोच लागतो. रिकाम्या मांडवात देणगीदार येत नाही.

निपाणीचे_नाना
शेवटचं वाक्य मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, “म्हणजे मी गर्दी आहे?”

शहापूरचा_शेंडेफळ
व्हय की. आपण सगळे गर्दीच. पुरीभाजी कुठं मिळंल तेवढं सांगा.

वॉवकरी
एवढा उशिरा आलो, पण वर्गणीची बाजू कुणी नीट मांडलीच नाही.

ओल्ड रिपब्लिक फुकट झाला तेव्हा फुकट्यांना काय मिळालं आठवतंय? स्क्रीनवर डावपेचांच्या बटणांच्या पट्ट्या असतात, त्या दोनच. जास्त हव्यात तर विकत घ्या. डोक्यावरची टोपी लपवायची असेल तर तीसुद्धा सोय विकत! वर्गणीदाराला हे सगळं गृहीत. म्हणजे आधी जे जेवणात होतं ते नंतर एकेक वाटी करून विकलं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. मेसची महिन्याची थाळी सोडून हॉटेलात गेलात आणि तिथे चटणीचे वेगळे, लिंबाचे वेगळे, पाण्याचे वेगळे लावले, असं.

आणि महत्त्वाचं, त्याने गेम बनवणाऱ्याची बुद्धी बदलते. वर्गणीवाला विचार करतो, हा माणूस पुढच्या महिन्यात का थांबेल? फुकटवाला विचार करतो, याला आज कुठे अडवलं की हा पैसे काढेल? रस्ता मुद्दाम खडबडीत करायचा आणि गुळगुळीत चपला विकायच्या.

कुंदा_विथ_चिवडा
@वॉवकरी, सोवळ्यात राहू नका. तुमच्या वॉवने २०१० मध्येच २५ डॉलरला चमकणारा घोडा विकला, आणि लोक ऑनलाइन रांग लावून उभे होते. वर्गणी घेऊन वर दुकान! ईव्ह ऑनलाइनची वर्गणी चालू असतानाच २०११ मध्ये एका डोळ्याचा चष्मा साठ-सत्तर डॉलरला काढला. लोक इतके चिडले की गेममधल्या एका पुतळ्यावर जमून गोळीबार करत बसले. वर्गणी दिली की खिशाचा विषय संपतो हे काही खरं नाही. थाळीवाला पण पापडाचे वेगळे लावतो.

वॉवकरी
घोडा मी घेतला नव्हता.

(घेतला होता.)

लॉगआउट_ताई
अजून एक काडी टाकून पळते. वर्गणी प्रामाणिक असते असं सगळे म्हणताहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा आपोआप पैसे कापण्याबद्दलचा नियम लागू झाला. आधी २४ तास कळवायचं, ग्राहकाची नव्याने परवानगी घ्यायची वगैरे. माझी एक गेमची वर्गणी त्यात बंद पडली. तेव्हा लक्षात आलं की मी चार महिने लॉगिनच केलं नव्हतं! वर्गणीचा नफा येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांवर जास्त असतो. जिमवाले सांगतील.

निपाणीचे_नाना
जिम कशाला, वाचनालयात या. वर्गणी भरून वर्षभर तोंड न दाखवणारे आमचे आश्रयदाते आहेत. त्यांच्यामुळेच तर नवीन दिवाळी अंक येतात.

मंडोळी_रोड
बराच वेळ लिहू की नको करत होतो. लिहितोच.

लॉकडाऊनमध्ये एक फुकटवाला खेळायला लागलो. नाव घेत नाही. पहिला खर्च ८९ रुपये, “एवढं मजा घेतोय तर बिचाऱ्यांना द्यावं” म्हणून. मग पेट्या. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. मला एक ढाल हवी होती. अजूनही डोळ्यांसमोर आहे, निळी, कडेला नक्षी. एक पेटी, अजून एक, आता दहा घेतल्यात तर अकरावी सोडायची का, असं करत तीन महिन्यांत १८,००० च्या वर गेले. एकरकमी कुणी मागितले असते तर मी हसलो असतो. बायकोने बँकेचं स्टेटमेंट बघितलं आणि विचारलं, “हे काय विकत आणलंयस ते दाखव.” मी लॅपटॉप उघडून ढाल दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “नक्षी बरी आहे.” त्यानंतर आठवडाभर काही बोलली नाही.

वर्गणी असती तर त्या पैशांत दीड वर्ष निघालं असतं. मला वर्गणी हवी ती एवढ्यासाठी. तिला वरची मर्यादा असते.

चिकोडी_एक्सप्रेस
“नक्षी बरी आहे” वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं. वहिनींना नमस्कार सांगा.

अनगोळचा_वकील
पेट्यांवरून विषय निघालाच आहे तर कायद्याचं थोडक्यात. बेल्जियमने एप्रिल २०१८ मध्ये अशा पैशाच्या पेट्या काही गेममध्ये जुगार ठरवल्या. आपल्या कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले होते, फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला. त्यात पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद. पण नुसतं खेळण्यासाठी वर्गणी किंवा एकदाचं प्रवेशशुल्क घ्यायला हरकत नाही, ते पणाला लावलेले पैसे नसावेत एवढीच अट. म्हणजे शनिवारच्या पाच मित्रांनी घाबरू नये.

सीमेवरचा_शिपाई
पण धागाकर्त्याने ‘बेळगाव’ लिहिलंय की ‘बेळगावी’ यावर कुणी बोलणार आहे का?

अ‍ॅडमिन
नाही. त्यासाठी वेगळा धागा आहे, गेली अकरा वर्षं चालू आहे, तिकडे जा.

गोकाक_करदंट
माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या. आमच्या गिल्डात मी कन्नड, दोघे मराठी, एक गोव्याचा. फुकट गेम होता म्हणून चौघे जमलो, वर्गणी असती तर मी आलोच नसतो, वडील द्राक्षाच्या औषधाचे पैसे मोजत असताना पंधरा डॉलर कुठून मागू? कुणाची लाइट गेली की बाकीचे राक्षसासमोर उभे राहून वाट बघायचे आणि कुणी तरी लिहायचं, “स्वल्प अडजस्ट माडी” (जरा सांभाळून घ्या). राक्षस अडजस्ट करायचा नाही. मराठी मी त्या चॅटमध्येच लिहायला शिकलो.

तिसरं_गेट
करदंट भाऊ, तुमचं मराठी आमच्या अर्ध्या सभासदांपेक्षा बरं आहे.

रग्नारॉकचा_आजोबा
वर्गणी आणि फुकट यांच्या मध्ये तिसरा प्रकार होता, तो सगळे विसरले. वेळेचं कार्ड. रॅग्नारॉक या गेमचा भारतात स्वतंत्र सर्व्हर होता तेव्हा त्याची प्रीपेड कार्डं मिळायची. चीनमध्ये वॉवसुद्धा तसाच चालायचा, ३० युआनला ४,००० मिनिटं. खेळलात तेवढे कापले. आपल्या कॅफेत तासाला वीस रुपये द्यायचो तोच हिशोब. न खेळण्याचे पैसे नाहीत, पेटी नाही, बॅनर नाही. हे का मागे पडलं कुणी सांगेल?

लॉगआउट_ताई
आजोबा, घड्याळ चालू असलं की माणूस गप्पा मारत नाही. आणि गप्पा मारत नसेल तर त्याचे मित्र होत नाहीत, मित्र नसतील तर तो टिकत नाही. माझा अंदाज.

रग्नारॉकचा_आजोबा
आम्ही कॅफेत घड्याळ चालू असतानाही गप्पाच मारायचो. पण पटलं.

वॉवकरी
फुकट झालं म्हणजे गेम वाचला असंही नाही हां. सिटी ऑफ हीरोज सप्टेंबर २०११ मध्ये फुकट झाला आणि ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद. वाइल्डस्टार २०१५ मध्ये फुकट, २०१८ मध्ये बंद. तिकडे वॉव आणि फायनल फॅन्टसी १४ अजून वर्गणीवर उभे आहेत.

दुबईचा_भाचा
नमस्कार. आत्ता धागा वाचला. तो मामा माझा.

पांडू (म्हणजे तिसरं_गेट, त्याचं खरं नाव हे नाही, शाळेत पडलेलं आहे), तुला आणि बाकीच्या तिघांना एक गोष्ट सांगायची राहिली आहे. २००८ च्या मे महिन्यात मी धारवाडला सुट्टीला गेलो होतो. मामाच्या कार्डावरून दोन महिने वॉव खेळलो. तुम्ही इकडे सिल्करोडमध्ये उंटामागून चालत होता तेव्हा मी मामाच्या माडीवर बसून लेव्हल ३४ चा शिकारी होतो. स्टेटमेंट आलं तेव्हा मामाने ‘ब्लिझार्ड’ (वॉवची कंपनी) वाचून विचारलं, हे स्वेटरचं दुकान आहे का? मी हो म्हटलं. थंडीत मामाने विचारलं, स्वेटर कुठंय? मग आईने विणलेला दाखवला.

तुम्हाला सांगितलं नाही कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि खरं सांगू, एकट्याने खेळून मजा आली नाही. तिथे सगळे इंग्रजीत बोलायचे, मला कुणी गिल्डात घेत नव्हतं. म्हणून परत येऊन तुमच्याबरोबर उंट हाकले.

तिसरं_गेट
सतरा वर्षं!!! सतरा वर्षं तू हे पोटात ठेवलंस? लेव्हल ३४??

कुंदा_विथ_चिवडा
हा धागा वाचनखुणेत साठवला आहे.

खानापूरचा_पाऊस
आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? शनिवार परवा आहे.

लॉगआउट_ताई
येऊ. पाच जण, आठवड्यातून एकदा, दोन-तीन तास. एवढ्यासाठी पाचांनी पूर्ण वर्गणी भरणं म्हणजे चार दिवसांच्या जेवणासाठी महिन्याची मेस.

फायनल फॅन्टसी १४ ची चाचणी आवृत्ती बघा. फुकट, दिवसांची मर्यादा नाही, लेव्हल ७० पर्यंत जाता येतं. तुमच्या वेगाने दोन वर्षं सहज. बाजारात व्यवहार करता येत नाही आणि ३ लाखांवर पैसे साठवता येत नाहीत, म्हणजे चाळवणारं फारसं काही नाहीच. फक्त एक लक्षात ठेवा, एकदा पूर्ण आवृत्ती घेतली की त्या खात्याला चाचणीत परत येता येत नाही. गिल्ड वॉर्स २ दुसरा पर्याय, मूळ भाग २०१५ पासून फुकट, पुढचे भाग एकदाच विकत, वर्गणी कधीच नव्हती. कुणाचा लॅपटॉप म्हातारा असेल तर ओल्ड स्कूल रूनस्केप, फोनवरही चालतो.

मंडोळी_रोड
कुठलाही घ्या, कार्ड सेव्ह करू नका. प्रत्येक वेळी सोळा आकडे हाताने टाकायचे. बाराव्या आकड्याला शुद्ध येते.

दुबईचा_भाचा
फायनल फॅन्टसी चालेल. बेळगावच्या १० ला माझे साडेआठ होतात.

तिसरं_गेट
ठरलं. शनिवार, रात्री १०. पुणे आणि कोल्हापूरला फोन केला, दोघेही आत्ता डाउनलोड लावतोय म्हणाले. बेंगळुरूवाल्याची बायको म्हणाली, तो झोपलाय. भाच्या, तुझी शिक्षा: पहिल्या दिवशी सगळ्यांची मलमपट्टी तू करायची. शिकारी मिळणार नाही.

दुबईचा_भाचा
मान्य. मामाला सांगू का?

तिसरं_गेट
मामांचं वय काय आता?

दुबईचा_भाचा
७४. लॅपटॉप आहे त्यांच्याकडे. रमी खेळायचे, बंद झाल्यापासून कंटाळलेत.

शहापूरचा_शेंडेफळ
घ्या की मामाला. कार्ड त्यांचंच होतं.